बापूंनी धरलेला अँटेना

तुमच्या घरातला एवढा मोठा टीव्ही बघितला, की मला आमचे बापू आठवतात. अठ्ठ्याहत्तरच्या सुमारास साताऱ्यात आमच्या आळीत एकच टीव्ही होता, सुभेदारांचा. चित्र धड यायचं नाही, म्हणून कुणीतरी गच्चीवर अँटेना धरून उभं राहायचं. त्या संध्याकाळी बापू उभे होते, बारा वर्षं आमच्या गणेश मंडळाचे अध्यक्ष असलेले.

नाटक होतं एका राष्ट्राध्यक्षाचं. त्याचीच माणसं त्याला खाली खेचत होती. आणि नाटक संपलं की मंडळाची बैठक बसून आमच्या बापूंना काढणार होती. हे मी नळावर ऐकलेलं. माझ्या पोटात काही राहत नाही, बापूंना सांगूनही टाकलेलं.

वरून बापूंनी विचारलं, "वैनी, काय चाललंय?"

मी खिडकीतून ओरडले, "सेनापती फुटला, बापू!"

"आन् प्रधान?"

"त्यो बी गेला! आता राजीनाम्यावर सही करायला लावत्यात!"

"केली का?"

"पेन हातात घेतलंय!"

तेवढ्यात पडद्यावर नुसत्या मुंग्या. सुभेदार अंगणात धावले. "आवं बापू, अँटेना सोडला काय?"

"व्हय, सोडला! मी वर हाय तवर कुनाची खुर्ची जायची न्हाई!"

आधी सुभेदार हसले, मग सगळी आळी. बैठकीत त्या विषयाला कुणी तोंडच फोडलं नाही.

बापू गेले, ते अध्यक्ष म्हणूनच. आणि तो राष्ट्राध्यक्ष? माझ्या लेखी तो अजून पेन हातात धरून बसलाय.