सलीमभाईचा रोजा

एक गोष्ट अजून मनाले लागून आहे, बापा. कापसाचे भाव पार पडले होते तेव्हाची. आर्णीच्या खरेदी केंद्रावर मी अन् माहा दोस्त सलीमभाई रांगेत उभे होतो. रमजान होता. उन्हाच्या तारेत, रोजा आहे हेच भुलून, त्यानं माह्या बाटलीतलं पाणी पेलं.

मी ओरडलो, "तुटला रे याचा रोजा!"

तो म्हणे, "भुलून पेलं तं तुटत नाही."

"सोयीचा धरम आहे तुमचा!" मी म्हटलं. सगळी रांग हसली. त्यानं बाटली माह्या हातात वापस देल्ली.

पुढं एका मौलानानं सांगितलं, सलीमभाई खरंच बोलला होता. पण माफी मागाची मले लाज वाटे. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता त्याच्या मयतीलेच गेलो. भाभी म्हणाली, "तुमच्यावर राग नव्हता त्यांचा. म्हणत, दोस्त आहे, त्याले माहीत नव्हतं."