तीसपर्यंत मोजायचं

—नाही ताई, मान अशी काठीसारखी ताठ धरून काही उपयोग नाही. मी पण धरली होती, अकरा दिवस. खांदे तेवढे दुखले, गरगरायचं ते गरगरतच राहिलं. टेकून बसा. बाकाची कड सोडलीत तरी चालेल, बाक कुठे जात नाही — म्हणजे तुम्हाला वाटतंय जातोय, मला माहितीय, पण जात नाही. मी? माझं तपासून झालं. आत आमची ही आहे, डॉक्टरीणबाईंना काहीतरी विचारायचं राहिलं म्हणाली आणि मलाच बाहेर काढलं. आणि मी हसतोय ते तुम्हाला नाही हं, ते वेगळंच आहे, सांगण्यासारखं नाही.

तुमचं कशानं सुरू झालं? फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तारीख लिहायला मान वर केली — हां, आणि अख्खा वर्ग फिरला. माझं उलटं, मी मान खाली घातली. मी क्रेन चालवतो ना, बांधकामावरची, ती उंच असते ती. चौदा मजल्यांइतक्या उंचीवर काचेची केबिन, कपाटाएवढी, आत मी आणि पाण्याची बाटली. सव्वीस वर्षं झाली, भीती म्हणून कधी वाटली नाही. लोक म्हणतात वरून माणसं मुंगीएवढी दिसतात. मुंगीएवढी नाही, बटणाएवढी दिसतात, पिवळी बटणं, हेल्मेटांमुळे. त्यातलं एक बटण म्हणजे माझा मेव्हणा, हिचा धाकटा भाऊ. खाली उभा राहून वॉकीटॉकीवर मला सांगतो, डावीकडे घ्या, थांबा, सोडा. मीच त्याला कामाला लावला. तर सकाळी अकराच्या सुमारास हुकाला विटांची थप्पी होती, मी पायाखालच्या काचेतून वाकून बघितलं आणि — काय सांगू — आकाश खाली आणि जमीन डोक्यावर, आणि पुन्हा, आणि पुन्हा, कपडे धुवायच्या मशीनमध्ये कुणी मला मोज्यासारखं टाकलंय. मी काय केलं? काही केलं नाही. हातातल्या दांड्या सोडल्या, त्या सोडल्या की क्रेन थांबते, आणि डोळे मिटले. विटा आपल्या लोंबकळतायत. कुठे? त्याच्याच डोक्यावर. तो म्हणतोय, “भाऊजी, घ्या की, डुलकी लागली का?” मी म्हटलं, “थांब रे, वारा आहे.” वारा कसला, झाडाचं पान हलत नव्हतं. मिनिटभरानं थांबलं, विटा उतरवल्या, जेवायच्या सुट्टीत खाली आलो आणि कुणाला एक शब्द बोललो नाही.

का नाही बोललो? अहो, क्रेनवाल्यानं चक्कर येते म्हणायचं म्हणजे उद्या तो क्रेनवाला नाही. मग युक्त्या. दाढीचा आरसा केबिनमध्ये चिकटवला, म्हणजे वाकायला नको, आरशात बघून माल उतरवायचा. अकरा दिवस. अकरा दिवस मी आरशात बघून त्याच्या डोक्यावरून — जाऊ दे. तुम्ही अशा बघू नका, मला माहितीय ते काय होतं. तेव्हा नव्हतं माहीत, किंवा माहीत करून घेत नव्हतो. मेडिकलवाला म्हणाला पित्त. शेजारचे म्हणाले मानेचा मणका, त्यांनी स्वतःचा पट्टा आणून गळ्यात घातला. हिला मी मान अवघडलीय म्हणून सांगितलं होतं, ती तेल लावायची बिचारी.

मग एके सकाळी आंघोळीला साबण पडला, उचलायला वाकलो, आणि गेलो. बादलीसकट. ही धावत आली, मला धरून पलंगावर आणलं, आणि मी घाबरलेला, तोंडातून निघून गेलं — “वर केबिनमध्ये होतं ना, तसंच झालं.” “वर? कधी?” मी म्हटलं, “अकरा दिवस झाले.” तिनं बोटांवर नाही मोजले काही, पण मला कळलं, मनातल्या मनात एकेक दिवस मोजतेय. म्हणाली, “खाली कोण असतो?” कोण असतो ते तिला माहीत होतं. तिनं टॉवेल माझ्या अंगावर टाकला आणि त्या दिवसापासून अबोला. भांडली असती तर बरं झालं असतं, भांडणात माणूस निदान तोंडाकडे बघतं. ताट वाढायची, ठेवायची, जायची. सुपरवायझरला मी फोन करून खरं सांगितलं, त्यांनी मला खाली बसवलं, आरसा काढून फेकला. मेव्हण्यालाही मीच सांगितलं, समोर बसून. त्यानं एवढंच विचारलं, “पहिल्या दिवशी हुकाला काय होतं, सळया की विटा?” म्हटलं विटा. म्हणाला, “मग ठीक आहे, सळया असत्या तर राग आला असता.” असा आहे तो. पण बहीण तशी नाही.

इथे मात्र आली माझ्याबरोबर, तीन आठवड्यांपूर्वी पहिल्यांदा दाखवलं तेव्हा. मधे एक खुर्ची सोडून बसली, पण आली. आता तुम्हाला आत काय करतील ते सांगतो, म्हणजे दचकणार नाही. पलंगावर बसवतील, मान एका बाजूला वळवतील आणि धाडकन मागे झोपवतील, डोकं पलंगाच्या बाहेर लोंबतं. फिरेल. फिरू द्यायचं, डोळे उघडे ठेवायचे, त्यांना डोळेच बघायचे असतात. माझे बघून म्हणाल्या, “अहो, सुरेख नाचतायत. उजव्या कानात खडे सुटलेत.” मी म्हटलं, मी कानात काडीसुद्धा घालत नाही, खडे कुठून येतील? तर प्रत्येकाच्याच असतात म्हणे, अगदी बारीक, पिठाच्या कणासारखे, आपापल्या जागी चिकटलेले. ते सुटतात आणि आतल्या वळणाच्या नळीत जातात, तिथे पाणी असतं, आपण मान हलवली की कण घसरतात, पाणी हलतं, आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय. डोकं शाबूत, मेंदू शाबूत. मला तर रडूच आलं, मी मनातल्या मनात सगळ्यांचा निरोप घेऊन बसलो होतो. मग उपाय काय? गोळी नाही, ऑपरेशन नाही. डोकं ठरावीक पद्धतीनं फिरवून ते कण मागच्या दारानं घरी पाठवायचे. मागे झोपायचं, थांबायचं. दुसऱ्या बाजूला मान, थांबायचं. मग कुशीवर, नाक जमिनीकडे, थांबायचं. मग उठायचं. प्रत्येक वेळी तीसपर्यंत मोजून. “घरी दिवसातून दोनदा करा,” म्हणाल्या, “पण डोकं धरायला माणूस लागेल.” आणि हिच्याकडे बघितलं. “तुम्ही धरा. आणि यांच्या डोळ्यांवर लक्ष ठेवा.”

मग काय, डोकं धरायचं म्हणजे दोन्ही हातांनी धरावं लागतं, ताई, अबोला असला तरी. पहिल्या दिवशी तिनं भोपळा धरावा तसं धरलं. नुसते आकडे मोजायची — एक, दोन, तीन. चार दिवसांत मी ऐकलेला तिचा तेवढाच आवाज. पण आकडे तर आकडे. दुसऱ्या दिवशी सत्तावीसवर थांबली आणि म्हणाली, “तो लहान असताना मी त्याला कडेवर घेऊन फिरलेय.” मी उलटा लोंबतोय, तसाच म्हटलं, “माहितीय.” म्हणाली, “माहीत असून?” आणि मग अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. तिसऱ्या दिवशी रडली, थेंब माझ्या कपाळावर पडला, हात काही सोडले नाहीत. मी म्हटलं, “चुकलं माझं.” लोंबत्या डोक्यानं म्हटलं, पण मनापासून म्हटलं.

आणि त्याच दिवशी फिरायचं थांबलं. साफ. मागे झोपलो, छत जागच्या जागी. चार दिवस जरा कापसावर चालल्यासारखं वाटलं, तुम्हालाही वाटेल, घाबरू नका. पण गरगरणं संपलं. थांबलं त्याच्या दुसऱ्याच सकाळी ही म्हणाली, “अजून फिरतंय का?” आणि मी — आता हे तुम्ही विसरून जा — मी म्हटलं, “हो, थोडं.” का म्हटलं? बरा झालो म्हटलं असतं तर हात काढून घेतले असते ना तिनं. अठरा दिवस, ताई. सकाळ-संध्याकाळ मी पलंगावर आडवा, ओय ओय करतोय, आणि ती मोजतेय. तीसचे हळूहळू साठ झाले. मधे मधे बोलायची, शेजारचं, भावाचं, पडदे बदलायचेत ते. एकदा मला “अरे” म्हणाली. लग्न झाल्यापासून “अहो”, आणि एकदम “अरे, नीट झोप की”. मी आणखी जोरात ओय केलं, न जाणो पकडलो गेलो तर.

आणि आज आत डॉक्टरीणबाईंनी मला झोपवलं, डोळे बघितले, म्हणाल्या, “छान, स्वच्छ. आणखी महिनाभर खालीच काम करा, मग पुन्हा तपासून वर जायचं बघू.” आणि हिला विचारलं, “डोळे नाचायचे कधी थांबले?” मी छताकडे बघतोय. ही अगदी शांतपणे म्हणाली, “तिसऱ्या दिवशी.”

तिसऱ्या दिवशी, ताई. म्हणजे मी जे अठरा दिवस ओय ओय केलं, ते सगळं ती वरून, वीतभर अंतरावरून, माझे मख्ख डोळे बघत ऐकत होती. आणि साठपर्यंत मोजत होती. मला उठवेना पलंगावरून. डॉक्टरीणबाई खोकल्या. ही म्हणाली, “तुम्ही बाहेर बसा, मला एक विचारायचंय.” मी दार ओढलं, पण पूर्ण नाही ओढलं, आणि ऐकलं ते असं की, आजार नसताना हे चालू ठेवलं तर काही अपाय तर नाही ना—

आली. तुमचा नंबर ताई, उठा, सावकाश, भिंतीला धरून. डोळे उघडे ठेवायचे. —कुठे काय? मी यांना कानातल्या खड्यांचं सांगत होतो. चल.