अनकम्फर्टेबल म्हणे!

...नाही, पण मी म्हणते, पोट दुखलं तर पोट म्हणावं, पाठ दुखली तर पाठ म्हणावं, हे ‘अनकम्फर्टेबल’ नेमकं कुठे दुखतं हो? आमची सूनबाई, लग्नाला अजून वर्ष नाही झालं, फोनवर मैत्रिणीला सांगत होती, ‘या घरात मला फार अनकम्फर्टेबल होतं गं, बाबा समोर असले की तर विचारूच नकोस...’ आणि मी दाराआड! ऐकत नव्हते हं, केर काढत होते, आता केर दाराआडच साठतो त्याला मी काय करू? अनकम्फर्टेबल म्हणे! त्यातून लेक-सून दोघं भाड्याची खोली बघून आलीत, हे मला आधीच कळलेलं. एकुलता एक मुलगा. केरसुणी तिथेच टाकली, तुम्हाला सांगते.

आता आमचे हे! सोफ्यांना, खुर्च्यांना नवं कापड, नवा फोम घालायचा यांचा धंदा. म्हटलं, ‘अहो, अनकम्फर्टेबल म्हणजे काय?’ तर टाका घालता घालता म्हणतात, ‘स्प्रिंग वर आली असेल.’ घ्या!

मग लेकाला गाठलं. तो म्हणतो, ‘आई, म्हणजे बेचैन... नाही, बेचैन नाही. लाजल्यासारखं... छे, तसंही नाही. हां, अवघडल्यासारखं!’ पटलं मला. परक्याच्या घरी हात कुठे ठेवावे कळत नाही, हसावं तर किती हसावं कळत नाही, तसं. अहो, मी या घरात आले तेव्हा कितीतरी दिवस तशीच तर वावरले! पण मला कुणी विचारलं नाही, आणि मीही कुणाला सांगितलं नाही. वाईट वाटलं हो... माझंही, तिचंही.

तशीच धावत यांच्या दुकानात गेले. मशीनचा हा खडखडाट! ओरडूनच सांगितलं, ‘अहो, सून अवघडलीय!’

मशीन थांबलं. ‘अवघडलीय?’ म्हणाले, आणि डोळे पुसायला लागले. मला वाटलं, बाई गं, किती समजूतदार माणूस!

संध्याकाळी खुर्ची हजर! उंच पाठ, रुंद हात, कमरेला वेगळी उशी. आणि हे, ज्यांनी सुनेकडे कधी मान वर करून पाहिलं नाही, ते काय म्हणाले? ‘बस बाळ. पाठ टेकून बस. आता दोन जिवांची आहेस.’

सून लेकाकडे बघते, लेक माझ्याकडे बघतो, मी छताकडे! अनकम्फर्टेबल म्हणे! इंग्रजीनं नुसतं कोड्यात टाकलं हो, घोळ घातला तो आपल्या मराठीनं!

पोर आधी खो खो हसली, मग हसता हसता रडायलाच लागली. ‘बाबा, मी तशी नाही हो अवघडले! मी आले की तुम्ही उठून जाता. मला वाटायचं, मी नकोशी आहे तुम्हाला.’

‘अगं, मी उठतो ते तुला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून!’

म्हणजे बघा! एक अवघडली म्हणून दुसरा उठतो, दुसरा उठतो म्हणून पहिली अवघडते, आणि मधल्या मध्ये माझा मुलगा घर सोडून चाललेला! यांनी काय केलं, स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसले. बसलेच. दोघं बोलत राहिली. खोलीवाल्याला लेकानं नाही म्हणून कळवलं.

संपलं, असं वाटलं ना तुम्हाला? मलाही वाटलं! पण खुर्चीचं कापड आणायला गेलेल्या आमच्या ह्यांनी बाजारभर सांगून ठेवलेलं! काल शिंपीणबाई भेटल्या. ‘काय हो, सून अवघडलीय म्हणे? कशी आहे?’ मी आपली आनंदात, ‘होती हो अवघडलेली. आता अगदी मोकळी झाली!’

‘अगंबाई! मुलगा की मुलगी?’

...आता कुठे समजावत बसू? म्हटलं, ‘मुलगी!’