सोळा मिनिटं आणि एक दिवस

(देवासच्या एका रुग्णालयातली जन्मनोंदींची खिडकी. गुंजन आणि तिच्या सासूबाई मालन हाटपिपल्याहून आल्या आहेत. कॉम्प्युटरसमोर पीयूष.)

गुंजन : भिया, मला परत फॉर्म देऊ नका. दोनदा भरलाय, तिसरी चक्कर आहे माझी. एवढंच सांगा, माझी जुळी मुलं दोन वेगळ्या तारखांना कशी झाली?

पीयूष : होतं ना ताई. एक रात्री बाराच्या आधी, एक नंतर.

गुंजन : माझी पहाटे झाली. अंशुल पाच बावीसला, अनन्या पाच अडतीसला. तुमच्याच कागदावर आहे, वाचा ना.

पीयूष : वेळ तर हीच आहे. आणि तारीख… अंशुल एकतीस मार्च, अनन्या एक एप्रिल. आता सिस्टममधून आलंय, म्हणजे बरोबरच असणार.

मालन : सिस्टम होती का रे तिथे? मी होते. लॉकडाऊनचे दिवस, वाहन मिळेना, दूधवाल्याच्या टेम्पोत घालून आणलं हिला. सोळा मिनिटांत दोन्ही नातवंडं माझ्या हातात आली. मधे दिवस कधी उलटला?

गुंजन : शाळा म्हणते, एकतीस मार्चला सहा वर्षं पूर्ण पाहिजेत. अंशुलचं नाव पहिलीत लागलं, अनन्याचं नाही. रोज विचारते पोरगी, मम्मी, मी एक दिवस लेट का आले? काय सांगू मी तिला?

पीयूष : थांबा, आतली मूळ नोंद उघडतो… अच्छा. ये बात है.

गुंजन : काय बात आहे?

पीयूष : ताई, हा कॉम्प्युटर आतमधे लंडनच्या बाजूची वेळ ठेवतो. आपल्याहून साडेपाच तास मागे. आपले पाच बावीस, म्हणजे तिकडे आदल्या रात्रीचे अकरा बावन्न. अनन्या झाली तेव्हा तिकडे बारा वाजून गेले होते. कागद छापताना वेळ आपली केली, तारीख तिकडचीच राहिली.

मालन : पोरं देवासात जन्मली आणि घड्याळ विलायतेचं पाहिलंत?

पीयूष : बरेच कॉम्प्युटर असंच ठेवतात, काकू. छापताना दोन्ही बदलायचं असतं. बनवणारा विसरला असेल.

गुंजन : विसरला असेल. आणि मी दोन वेळा इथून ‘साहेब जेवायला गेलेत’ ऐकून परत गेले. जाऊ द्या. करा दुरुस्त.

पीयूष : करतो. पण मग दोघांची एक एप्रिल होईल.

गुंजन : मतलब?

पीयूष : अनन्याची तारीख बरोबर आहे, ताई. चुकलीय ती अंशुलची.

गुंजन : मग त्याचंही नाव जाईल.

पीयूष : यंदा तरी जाईल.

मालन : अरे, सूर्योदयाच्या आधी झालीत दोघं. आपल्यात तोवर आदलाच दिवस धरतात. दोघांची एकतीस लिही आणि मोकळा हो.

पीयूष : पंचांगात चालेल, काकू. इथे तारीख रात्री बारालाच बदलते, मला खोटं लिहिता येत नाही. हवं तर… राहू द्या असंच. मी काही पाहिलं नाही. निदान एक जण तर पुढे जाईल.

गुंजन : आणि दुसरी? शाळा संपेपर्यंत त्याच्या एक वर्ग मागे बसेल?

मालन : सूनबाई, त्याचं दप्तर आणून झालंय. फार रडेल गं तो.

गुंजन : रडू द्या, आई. इतके दिवस ती रडतेच आहे. आणखी एक वर्ष दोघं बालवाडीत माझं डोकं खातील, दुसरं काय. करा भिया, दोघांची एक एप्रिल.

पीयूष : दुरुस्तीचं कारण भरावं लागतं. काय लिहू?

गुंजन : लिहा, दोघं एकाच सकाळी झाली.