दंडातली काडी

पाळणा लांबवायची काडी दंडात बसवून घ्यायची, असं घरून ठरवून आलेली पंचशीला दवाखान्यातल्या बाकावर बसल्यावर मात्र घाबरली. तेवढ्यात तिच्या शेजारी बसलेल्या गुणाबाईची सून शिवकन्या दंडाला पट्टी बांधून बाहेर आली.

“दुखलं का गं?” गुणाबाईनं सुनेला विचारलं.

“बधिर करायची सुई टोचली तेवढंच, आत्या.”

“काडी दंडात, अन् लेकरू ऱ्हातंय पोटात. रस्ता चुकली म्हंजी?”

“ती कुठं जात न्हाई. तिच्यातलं औषध हळूहळू रगतात उतरतंय. मग बीज सुटतच न्हाई.”

“अन् पाळी?”

“मागंपुढं होईल म्हनल्या शिस्टर. कधी दोन-दोन महिने न्हाई, कधी थोडी थोडी चालूच.”

“म्हंजी आपल्या गावातल्या टँकरवानी.”

“हाव. पर काडी तीन वर्सं चालती. आधीच लेकरू पाहिजे वाटलं तर काढूनबी देतेत.”

“माझ्या वक्ताला असती, तर मी दोनावरच थांबले असते बघ. रेणापूर नवा तालुका झाला, त्या साली माझं पाचवं.”

“पाचवं म्हंजी तुमचे लेकच की! ते झालेच नसते, तर मी कुठं गेले असते?”

“कुठंबी गेली असतीस, सुखात ऱ्हायली असतीस.”

नर्सनं नाव पुकारलं, तेव्हा पंचशीला अजून पदर तोंडाला लावून हसत होती. उठता उठताच तिनं बाही वर सारली.