पंप टाकीजवळच बसवा

हॅलो? … हो, मीच. दुसरं कोण उचलणार या घरात? बोल चिमणे… गॅरेजमधून? मग ओरडू नकोस, आजीला ऐकू येतंय.

काय म्हणतात मिस्त्री? … गाडीत पेट्रोल ओढायला इलेक्ट्रिक पंप? आणि तुला जुनाच हवाय. का गं? … आजोबांनी बसवलेला म्हणून? अगं, ते स्वतःच त्या पंपाला शिव्या घालायचे… हो, हो… अगं ऐक ना!

उद्या ताईकडे जायचंय. तिच्या घराचा तो चढ! मागच्या खेपेला गाडी अर्ध्यात बसली आणि तुझी मोठी आजी गॅलरीतून टाळ्या वाजवत होती. … हसू नकोस. मी शब्द देऊन बसलेय. उद्या पुन्हा बंद पडली तर गाडी भंगारात. भंगारवाल्याला फोनही तीच करणार. … दिला! रागात दिला. आता काय करू?

आधी एक कर. इंजिन ऑइलची पट्टी ओढ बाहेर. वास घे. … अगं नाक लाव, मोबाइल नको! … पेट्रोलचा? झालं तर मग. जुन्या पंपातला रबरी पडदा फाटलाय, पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय. ऑइल आजच बदला म्हणावं.

… नवा पडदा मिळतो, ठाऊक आहे. पण तो पंप इंजिनालाच चिकटलेला ना? चढावर इंजिन तापतं, पंप तापतो, पेट्रोलची वाफ होते आणि हा बिचारा वाफच ओढत बसतो. आजोबांची हीच गत झालेली. प्यायचं पाणी ओतलं, अंगातला शर्ट ओला करून गुंडाळला, तरी ढिम्म! शेवटी मी अर्धं कलिंगड घातलं पंपावर, टोपीसारखं. गाडी अशी सुटली की मागे नुसत्या बिया उडत होत्या! पुढच्या वर्षी रस्त्याला दोन्ही बाजूंनी वेल… खोटं? मी? … बरं, एका बाजूने.

इलेक्ट्रिकच बसव. … रडतेस काय, वेडाबाई? जुना नीट पुसून घरी आण, माझ्या कपाटात ठेवू. आणि त्याच्या जागी इंजिनाला राहिलेल्या भोकावर झाकण बसवा म्हणावं, नाहीतर ऑइल उडेल.

मिस्त्रींना दे… स्पीकरवर आहे? नमस्कार मिस्त्री! नवा कुठे बसवताय? … बॅटरीजवळ? वायर कमी लागते म्हणून? अहो, मग तोही तिथे इंजिनाशेजारी तापणारच की! हा पंप ढकलायला हुशार, ओढायला आळशी. आमच्या जावईबापूंसारखा. … चिमणे, बाबांना सांगू नकोस. … मागे बसवा, टाकीजवळ, खालच्या अंगाला. कमी दाबाचा घ्या, नाहीतर कार्बोरेटर ओसंडेल. आणि इंजिन थांबलं की पंपही थांबला पाहिजे, तशी जोडणी करा. … लागू दे हो वायर!

… संध्याकाळपर्यंत? चालेल.

काय गं? … आणि तरीही गाडी बसली तर? नाही बसणार. … नाही म्हटलं ना! ठेव आता फोन. मला ताईला कळवायचंय, फाटक सताड उघडं ठेव आणि त्या कुंड्या बाजूला घे. थांबणार नाहीये मी, थेट आत येणार. … चालवणार कोण म्हणजे? मीच!