गिऱ्हाइकासाठी भरलेली विहीर

तयारी म्हणाल तर ती आमच्या बबनचीच! पारनेरला जमिनीची दलाली करायचा. गिऱ्हाईक माळकरी असलं की हा कपाळाला बुक्का लावून हजर.

बहात्तरच्या दुष्काळात देवळाली प्रवराचा एक ऊसवाला रान बघायला येणार होता. बबननं आदल्या दिवशीच त्या रानातल्या कोरड्या विहिरीत पाण्याचा टँकर ओतला. गाववाल्यांनी विचारलं, तर म्हणाला, "उद्या गिऱ्हाईक यायचंय."

सकाळी कडक इस्त्रीत पाहुण्याला घेऊन पोचला, तर सगळं गाव हंडे घेऊन विहिरीवर आणि तळाला नुसता चिखल!

बबन डगमगला नाही. "बघा पाव्हणं, आख्खं गाव हिच्यावर जगतंय!"

तेवढ्यात एका म्हातारीनं भरला हंडा डोक्यावर घेतला. "लई उपकार झालं बाबा तुझं. आता फुडलं गिऱ्हाईक कवा आनतोस?"